गुलाबी रंगाची बखर

इंद्रधनुष्यात गुलाबी रंग नाही. 'तानापिहिनिपाजा' हा मंत्र घोकून आपण सर्वांनी लहानपणी सात रंग पाठ केले. त्या मंत्रात गुलाबीचे अक्षर कोठेच येत नाही. तांबड्यात पांढरा मिसळला म्हणजे आपल्या डोळ्यांना गुलाबी दिसतो, असे शास्त्र सांगते. म्हणजे हा तांबड्याचा धाकटा भाऊ. पण थांबा! धाकटा भाऊ म्हणायचे, की धाकटी बहीण? येथेच वादाला तोंड फुटते.

दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या कोणत्याही कुटुंबाने कपड्यांच्या दुकानात शिरावे आणि तान्ह्या बाळासाठी काही दाखवा म्हणावे. 'मुलगा की मुलगी?' असे दुकानदार विचारतो आणि उत्तर मिळेल त्याप्रमाणे निळ्या किंवा गुलाबी फळीकडे हात घालतो. मुलीचे दप्तर गुलाबी, पाण्याची बाटली गुलाबी, सायकलसुद्धा गुलाबी. आणि पाच वर्षांच्या चिरंजीवांपुढे चुकून गुलाबी सदरा धरला, तर ते नाक मुरडून म्हणतात, 'शी! हा तर मुलींचा रंग!' जणू सूर्य पूर्वेला उगवतो तसा हाही सृष्टीचा एक नियमच!

वस्तुस्थिती अशी आहे, की हा नियम पक्का होऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. तो कोणी केला, कसा केला, आणि त्यापूर्वी हा रंग कोणाकोणाच्या अंगावर मिरवत होता, याची हकिकत मोठी मनोरंजक आहे. काही ठिकाणी मात्र ती अंगावर काटा आणते. दोन्ही सांगितल्याशिवाय ही बखर पुरी व्हायची नाही.

फूल, पाणी आणि चेहरा

नावापासूनच सुरुवात करू. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. तेव्हा 'गुलाब' म्हणजे मुळात गुलाबपाणी. आपल्याकडे हा शब्द आला तेव्हा पाण्याचे नाव फुलाला मिळाले आणि फुलाचे नाव रंगाला. मौज अशी, की ज्या इराणी लोकांकडून आपण हा शब्द घेतला, ते स्वतः या रंगाला 'सूरती' म्हणतात. सूरत म्हणजे चेहरा. चेहऱ्यावर जी लाली चढते तिचा हा रंग.

इंग्रजांनीही फुलाचाच आधार घेतला, पण तो गुलाबाचा नव्हे. कार्नेशनच्या कुळातल्या, कातरलेल्या कडांच्या एका लहानशा फुलाला ते 'पिंक' म्हणत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ते नाव रंगाला लागले. पण त्याच शतकात इंग्रज चित्रकारांच्या पेटीत 'पिंक' नावाचा एक पिवळसर रंगही असे. आणि घोड्यावर बसून कोल्ह्याच्या शिकारीला निघणारे इंग्रज सरदार आपल्या लालभडक कोटाला आजतागायत 'पिंक'च म्हणत आले आहेत. नाव आणि रंग यांचे नाते इतके सैल, तर रंग आणि अर्थ यांच्या नात्याबद्दल काय बोलावे?

आपल्या मराठी बायकांनी या एका रंगाची किती बाळसेदार मुले वाढवली आहेत! अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, कुसुंबी, राणी. लुगड्याच्या दुकानात बसल्या बसल्या त्या एवढे भेद सांगतील की चित्रकाराने थक्क व्हावे. पण हा रंग त्यांनी स्वतःपुरता राखून ठेवला होता, असे मात्र नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालाची उधळण होते, तेव्हा देऊळ, पायऱ्या, सासनकाठ्या आणि भक्तांच्या मिशा सगळे एकाच रंगाचे होऊन जाते. कुस्ती मारलेला मल्ल, निवडून आलेला उमेदवार, विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचणारी पोरे, या सर्वांना आपण गुलालातच न्हाऊ घालतो. लग्नात वरबापाच्या डोक्यावर गुलाबी फेटा बसला, तर त्याचा रुबाब वाढतो. कमी होत नाही. ज्या मुलखात 'गुलाल कोणाचा?' याचा अर्थ 'विजय कोणाचा?' असा होतो, त्या मुलखात गुलाबीला बायकी म्हणायला मोठे धाडस पाहिजे!

करडईच्या शेतात

आज करडई म्हटली की आपल्याला तेलाचा डबा आठवतो. फार तर कोवळ्या पानांची भाजी. परंतु एके काळी तिची खरी किंमत तिच्या फुलांत होती. संस्कृतात तिला कुसुंभ म्हणतात. कालिदासाने 'ऋतुसंहारा'त वसंताचे वर्णन करताना कुसुंभाच्या रंगाने आरक्त झालेल्या तलम वस्त्रांचा उल्लेख केला आहे. आपला कुसुंबी रंग तो हाच.

या पाकळ्यांत दोन रंग नांदतात. पिवळा भरपूर आणि तांबडा अगदी चिमूटभर. पिवळा पाण्यात विरघळतो, तांबडा विरघळत नाही. रंगारी पाकळ्या पाण्यात तुडवून तुडवून पिवळा काढून टाकत. मग खाराच्या पाण्यात तांबडा उतरवून घेत, आणि त्यात लिंबासारखे काही आंबट पिळले की तो पाण्यातून सुटून कापडाला जाऊन बिलगे. एकदा बुडवले तर फिका गुलाबी, पुन्हा पुन्हा बुडवले तर गडद. सुती कापडावर तो तुरटीच्या मदतीवाचून चढे, हा त्याचा मोठा गुण. दोष एकच, पण तोही मोठा: हा रंग उन्हाने उडे आणि धुण्याने जाई. संत रविदासांनी संसाराला कुसुंब्याच्या रंगाची उपमा दिली आणि परमेश्वराच्या प्रेमाला मंजिष्ठेच्या पक्क्या रंगाची, ती याचसाठी.

जो रंग टिकत नाही तो सतत ताजा ठेवायचा, तर गाठीला पैसा हवा. म्हणून झगझगीत कुसुंबी वस्त्र हे श्रीमंतीचे लक्षण ठरले. जपानात तर याचा कायदाच झाला होता. करडई तेथे चीनच्या वाटेने पोहोचली. हेइआन काळात, म्हणजे इसवी सन ७९४ ते ११८५ या काळात, तिच्या फुलांपासून होणारा गडद तांबडा रंग दरबारातल्या वरिष्ठांसाठी राखून ठेवलेला होता. इतरांना त्याच फुलांची फिकी गुलाबी छटा तेवढी वापरता येई. एका ठाणाला किती फुले घालायची, याचेही माप ठरलेले होते. अशा छटांना तेथे 'परवानगीचे रंग' असेच नाव होते.

या नावात मोठा अर्थ भरलेला आहे. त्या गुलाबीचा अर्थ नाजूकपणा नव्हता, की स्त्रीत्वही नव्हते. 'याहून गडद रंगाला तुम्ही पात्र नाही' एवढाच तो होता, आणि तो फुलाने ठरवला नव्हता. दरबाराने ठरवला होता.

गुलाबी अंगरख्यातले सरदार

युरोपला हा रंग बराचसा परमुलखातून आणावा लागला. मध्ययुगात मलबार आणि त्याहून पूर्वेकडच्या देशांतून तेथे पतंगाचे लाकूड जात असे. आपण ज्याला पतंग म्हणतो त्या झाडाचे ते रंगीत लाकूड. युरोपात त्याला 'ब्राझिल' म्हणत. १५०० साली पोर्तुगीज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले तेव्हा तसलेच लाकूड देणारी झाडे त्यांना तेथील रानात आढळली, आणि लाकडाचे नाव पुढे त्या अफाट देशालाच पडले. त्याच शतकात मेक्सिकोतल्या निवडुंगावर वाढणारे कोशिनिल नावाचे किडे वाळवून स्पेनची जहाजे युरोपात आणू लागली. त्यांच्यापासून निघणाऱ्या तांबड्याने आणि गुलाबीने तिथल्या रेशमाचे रूपच पालटले.

अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये या रंगाचे भाग्य उघडले. पंधराव्या लुईची प्रिय मैत्रीण मादाम द पाँपादूर हिला गुलाबीची भारी हौस. तिच्या आश्रयाखाली चालणाऱ्या सेव्र येथील चिनी मातीच्या कारखान्याने १७५७ च्या सुमारास भांड्यांसाठी एक नवी गुलाबी छटा सिद्ध केली. पुढे तिला पाँपादूरचेच नाव मिळाले. पण दरबारातले पुरुष यात मागे होते, असे समजू नका. गुलाबी रेशमी कोट, त्यावर रुपेरी कशिदा, गळ्याशी लेस, पायांत टाचेचे जोडे, अशा थाटात सरदार लोक मिरवत, आणि त्यांच्या मर्दानगीबद्दल कोणाला शंका येत नसे. गुलाबीचा तेव्हाचा अर्थ होता तारुण्य, ऐश्वर्य आणि रिकामा वेळ.

मग १७८९ साली राज्यक्रांती झाली. रेशमी अंगरखा म्हणजे जुलमी सरदाराची खूण, असे समीकरण बनले. पुढच्या शतकात गिरण्या आल्या, पेढ्या आल्या, कचेऱ्या आल्या. आणि युरोपातला पुरुष काळ्या-करड्या कोटात शिरला तो कायमचाच. फ्लूगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली या घटनेला 'पुरुषांचा महान त्याग' असे नाव दिले. आपण कामाची माणसे, आपल्याला रंगाशी काय कर्तव्य, असा तो आव होता. रंग उरले ते बायकांच्या अंगावर, नवऱ्याच्या मिळकतीची जाहिरात म्हणून. तेव्हा गुलाबी रंग बायकांनी मागून घेतला, असे म्हणण्यापेक्षा पुरुषांनी तो टाकला आणि त्यांच्या पदरात राहिला, असे म्हणणे अधिक खरे.

इकडे हिंदुस्थानातल्या पुरुषांनी मात्र रंगांचा त्याग केला नव्हता. १८७६ साली इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, जयपूरला आला. त्याच्या स्वागतासाठी महाराजा सवाई रामसिंह यांनी आपले शहर एकाच रंगाने रंगवून काढले, असे सांगतात. तो रंग नीट न्याहाळला तर गेरूकडे झुकणारा. पण जगात जयपूरचे नाव झाले ते 'गुलाबी शहर' म्हणून. काळ्या कोटातला पाहुणा आणि गुलाबी नगरीतला यजमान! यजमानाचा रंग बायकी आहे, असे त्या दिवशी कोणाच्या मनातही आले नसेल.

रणांगणाचे नाव

याच सुमारास रंगाच्या दुनियेत एक वेगळीच क्रांती घडली होती. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर हिवतापाच्या क्विनाइनसाठी प्रयोग करत होता. क्विनाइन काही निघाले नाही. निघाला एक सुंदर जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. दोन-तीन वर्षांतच व्हेर्गँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने झळझळीत गुलबक्षी रंग तयार केला. ४ जून १८५९ रोजी इटलीत माजेंता या गावी फ्रेंचांनी ऑस्ट्रियाच्या सैन्याचा पराभव केला. त्या विजयाच्या आनंदात रंगालाही गावाचेच नाव मिळाले. आज आपण ज्याला सहज 'मॅजेंटा' म्हणतो, ते एका रक्तरंजित रणांगणाचे नाव आहे.

या रंगांनी दोन गोष्टी केल्या. ढाक्याच्या कुसुंब्याला विलायतेत जी मागणी होती ती ओसरली आणि करडईच्या फुलांचा धंदा बसत गेला. दुसरी गोष्ट चांगली झाली. जी छटा पूर्वी राणीवशात शोभायची, ती गिरणीत राबणाऱ्या बाईलाही परवडू लागली. पण रंग स्वस्त झाला की त्याची जुनी प्रतिष्ठा जाते. श्रीमंतीची खूण म्हणून गुलाबीचा उपयोग संपला. आता त्याला नवा अर्थ हवा होता, आणि तो द्यायला व्यापारी तयारच होते.

पाळण्यातली वाटणी

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत तान्ह्या मुलांना, मुलगा असो वा मुलगी, पांढरे झगे घालत. कारण साधे होते: पांढरा कपडा उकळत्या पाण्यात टाकता येतो. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ मधले छायाचित्र पाहावे. अडीच वर्षांचे बाळ, लांब केस आणि अंगात पांढरा झगा. नाव सांगितले नाही तर कोणीही मुलगीच म्हणेल.

पुढे फिकट रंग आले, पण कोणता कोणाचा, यावर एकमत नव्हते. १८६८ च्या 'लिटल वुमेन' या कादंबरीत जुळ्या भावंडांपैकी मुलाला निळी आणि मुलीला गुलाबी फीत बांधलेली आहे. पण तेथेही ही फ्रान्सची तऱ्हा म्हणून सांगितली आहे. उलट १९१८ साली अमेरिकेतल्या बालवस्त्रांच्या एका व्यापारी मासिकाने आईबापांना समजावले, की गुलाबी हा ठाम आणि जोमदार रंग असल्यामुळे तो मुलांना द्यावा, आणि निळा नाजूक असल्यामुळे तो मुलींना शोभतो! १९२७ साली बेल्जियमच्या राजकन्या ॲस्ट्रिड यांना मुलगी झाली, तेव्हा 'टाइम' साप्ताहिकाने बातमी दिली, की पाळणा मुलाच्या आशेने गुलाबी रंगात सजवून ठेवला होता. त्यानिमित्त अमेरिकेतल्या मोठमोठ्या दुकानांचा कौल पाहिला, तर तोही दोन्हीकडे विभागलेला निघाला. तांबडा हा युद्धाचा, शौर्याचा रंग. तेव्हा त्याचा धाकटा अवतार मुलग्यालाच शोभणार, हा तर्क त्या काळी कोणाला चमत्कारिक वाटत नव्हता.

मग तराजू एकीकडे कसा झुकला? दुसरे महायुद्ध संपले. युद्धकाळात कारखाने चालवणाऱ्या बायकांना घरी परत पाठवण्यात आले, आणि घर, स्वयंपाक, मुले यांचे एक गोंडस चित्र मासिकांतून रंगवले जाऊ लागले. त्या चित्राचा रंग गुलाबी होता. जानेवारी १९५३ मध्ये आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाले, त्या समारंभात त्यांच्या पत्नी मेमी दोन हजारांवर चमकदार खडे लावलेला गुलाबी झगा घालून आल्या. त्यांच्या आवडीचा गुलाबी रंग अमेरिकेत स्नानगृहांच्या फरश्यांपर्यंत जाऊन पोहोचला. आणि आज जी बाहुली गुलाबीची महाराणी समजली जाते, ती बार्बी १९५९ साली प्रथम बाजारात आली तेव्हा तिच्या अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख होता! गुलाबीचा महापूर तिच्याभोवती नंतर आला.

दहा वर्षांनी त्याच गुलाबीवर दुसऱ्या एका राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीने वेगळीच मुद्रा उमटवली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे जॉन केनेडी यांची हत्या झाली, तेव्हा शेजारी बसलेल्या जॅकेलीन यांच्या अंगावर गुलाबी पोशाख होता. तो रक्ताने भिजला. बदलायला सांगितले तरी त्यांनी तो दिवसभर बदलला नाही; नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीलाही त्या तशाच उभ्या राहिल्या. जे घडले ते लोकांनी पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. तो पोशाख अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवला आहे आणि २१०३ सालापर्यंत तो कोणाला दाखवायचा नाही, असा करार आहे. गोंडस गृहिणीचा म्हणून ठरवलेला रंग एका दुपारी दुःखाचा आणि धैर्याचा रंग झाला.

१९८० नंतर पाळण्यातली वाटणी अधिकच काटेकोर झाली. गर्भातच मुलगा की मुलगी हे यंत्रावर दिसू लागले, आणि परदेशांत जन्माआधीच खोली रंगवून, कपडे आणून ठेवायची पद्धत पडली. दुकानदारांचे तर फावलेच. थोरल्या बहिणीचे कपडे धाकट्या भावाला चालेनासे झाले की विक्री दुप्पट! आपल्याकडे थोरल्याची झबली, कुंच्या धाकट्याला घालण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे, आणि आजीच्या जुन्या मऊ लुगड्याची दुपटी कोणत्याही बाळाला तितकीच ऊब देत.

पण त्याच यंत्राने आपल्या देशात काय केले, हे विसरून चालणार नाही. तिकडे जी बातमी कळल्यावर गुलाबी झगे विकत आणले गेले, ती बातमी कळल्यावर इकडे असंख्य मुली जन्मालाच येऊ दिल्या गेल्या नाहीत. महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंग तपासणीला बंदी करणारा कायदा केला. देशात असा कायदा करणारे ते पहिले राज्य. १९९४ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. आपल्या डोहाळजेवणातला झाकल्या वाट्यांचा खेळ आठवा: पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि काहीही निघाले तरी हसून खाऊन टाकायचे. रंगाची वाटणी करण्याआधी बर्फी पेढ्याइतकीच गोड लागली पाहिजे, एवढी खरी गोष्ट आहे.

शिक्का आणि निशाण

रंगावरून माणसे वेगळी काढण्याची सवय लागली, की पुढची पायरी म्हणजे रंगाचा शिक्का मारणे. नाझी जर्मनीच्या छळछावण्यांत कैद्यांच्या कपड्यांवर रंगीत त्रिकोण शिवलेले असत. राजकीय कैद्यांना लाल, गुन्हेगारांना हिरवा, ज्यूंना पिवळा. आणि पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांना गुलाबी. हजारो माणसे तो त्रिकोण छातीवर वागवत छळ सोसत राहिली, त्यांतली अनेक मेली. छावण्या उघडल्या तरी त्यांची सुटका पुरी झाली नाही, कारण ज्या कलमाखाली त्यांना धरले होते ते कलम नाझींनी १९३५ साली कडक केले होते आणि पश्चिम जर्मनीत ते त्याच रूपात १९६९ पर्यंत चालू राहिले. ते पूर्णपणे रद्द झाले १९९४ मध्ये. परंतु १९७० नंतरच्या दशकात याच लोकांच्या वारसांनी तो गुलाबी त्रिकोण आपणहून छातीवर लावला. शरमेची खूण म्हणून दिलेली वस्तू अभिमानाचे निशाण केली. ॲम्स्टरडॅम शहरात १९८७ साली उभारलेले त्यांचे स्मारक गुलाबी ग्रॅनाइटच्या तीन त्रिकोणांचे आहे.

जर्मनांकडे बोट दाखवताना आपण आपल्या माजघरातही डोकावावे. नवरा मेला की बाईचे केस उतरवून तिला तांबडे आलवण नेसवायचे, आणि गुलबक्षी, डाळिंबी, कुसुंबी हे सगळे शब्द तिच्यापुरते संपवून टाकायचे, ही चाल आपल्याकडच्या पांढरपेशा घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. तेथेही रंग हा शिक्काच होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांना बहिष्कार सोसावा लागला. त्यानंतर किती काळ जावा लागला पाहा: वृंदावनातल्या आश्रमांत पांढऱ्या वस्त्रात दिवस कंठणाऱ्या विधवांनी २०१३ साली एकत्र येऊन होळी खेळली आणि एकमेकींवर गुलाल उधळला. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव केला. मूठभर रंगासाठी एवढा लांबचा प्रवास!

आणि २००६ साली उत्तर प्रदेशच्या बांदा जिल्ह्यात संपत पाल या बाईंनी खेड्यातल्या बायका गोळा केल्या. मारझोड करणारा नवरा, दाद न देणारा अधिकारी यांच्या दारात त्या जमावाने जाऊन उभ्या राहत. हातात काठी आणि अंगावर एकसारखी गुलाबी साडी. लोक त्यांना 'गुलाबी गँग' म्हणू लागले. हा रंग का निवडला, याचे त्यांनी दिलेले कारण मोठे व्यवहारी आहे: बाकीचे बहुतेक रंग कोणत्या ना कोणत्या पक्षाने घेऊन टाकले होते! ज्या रंगाला जगाने नाजूक ठरवले, त्यानेच तेथे दांडगाईला जरब बसवली.

कच्चा रंग

जपानी दरबारात परवानगी, फ्रेंच दरबारात ऐश्वर्य, जोतिबाच्या डोंगरावर भक्ती, आखाड्यात विजय, अमेरिकेत गृहिणीपण, छळछावणीत कलंक आणि बुंदेलखंडात बंड: एकाच रंगाचे हे सात अर्थ. यांतला एकही त्या रंगाच्या पोटातून आलेला नाही. प्रत्येक वेळी तो कोणीतरी वरून चढवला, आणि पुष्कळदा ज्यांच्यावर चढवला त्यांनीच तो पुढे बदलून टाकला.

आपल्याही डोळ्यांदेखत असे घडते आहे. नवरात्राच्या नऊ दिवसांना नऊ रंगांच्या साड्या नेसण्याची जी टूम आज घरोघर आणि कचेऱ्याकचेऱ्यांतून दिसते, ती याच शतकात रूढ झाली. पण आजची शाळकरी मुलगी तिला पुरातन परंपरा समजते. त्यात वाईट काही नाही. मैत्रिणींनी मिळून एका रंगात नटावे, यासारखी आनंदाची गोष्ट थोडीच असते. मात्र, नवा रिवाज वीस वर्षांत पुरातन वाटू लागतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे 'हे असेच चालत आले आहे' या वाक्याची भीती कमी होते.

कुसुंब्याचा रंग कच्चा म्हणून जुन्या लोकांनी त्याला नावे ठेवली. पण त्या कच्चेपणात एक सोय होती. तो दर सणाला नव्याने चढवावा लागे, आणि किती गडद चढवायचा हे दर वेळी नव्याने ठरवता येई. गुलाबीच्या अर्थाचेही तसेच आहे. तेव्हा मुलीला गुलाबी आवडत असेल तर तिने तो खुशाल मिरवावा, आणि आवडत नसेल तर तिला तो कोणी चिकटवू नये. आणि नाक मुरडणाऱ्या त्या चिरंजीवांना या सुट्टीत एखादा आखाडा दाखवून आणावा. कुस्ती जिंकून गुलालाने माखलेला मल्ल समोर उभा राहिला, की हा रंग मुलींचा की मुलांचा, हे त्यांनी त्यालाच विचारावे!